दुर्बीण कोरडी व्हायला लागणारा वेळ

कौस्तुभ आगाशे पुण्याहून हैदराबादला आला तो हात बसवायला. पोटविकारांचा डॉक्टर तो झालाच होता. पण घशातून दुर्बीण अलगद सरकवणं, पित्तनलिकेत अडकलेला खडा ओढून काढणं, अन्ननलिकेतली फुटलेली शीर रबराच्या कडीने आवळणं, ही कामं पुस्तकातून येत नाहीत; करून करूनच येतात. पुण्याच्या त्याच्या सरांनी सांगितलं होतं, "प्रियदर्शिनी बिरादार. वर्षभर तिच्या हाताखाली राहा. तिच्यासारखा हात मी फार कमी पाहिलाय."

तो आला, शहरातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात रुजू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की बिरादार मॅडमच्या हातात दुर्बीण कमी वेळ असते; समोर बसलेल्या माणसाशी बोलण्यातच त्यांचा जास्त वेळ जातो.

एका सकाळी आयटी कंपनीतली एक तरुण मुलगी आली. महिनाभर छातीत जळजळ. दुर्बिणीची तारीख ठरलेली, उपाशीपोटी आलेली. मॅडमनी तिला बसवून घेतलं. गिळताना अडकतं का, वजन घटलंय का, शौचाला काळं होतं का, घरात कुणाला पोटाचा कॅन्सर होता का, रात्री किती वाजता जेवतेस, जेवल्यावर किती वेळाने आडवी होतेस. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दुर्बीण नक्को. हे औषध सकाळी उपाशीपोटी घे, जेवण लवकर कर. नाहीच बरं वाटलं तर ये, मी स्वतः घालते. आता खाली जाऊन इडली खा आधी."

मुलगी सुटल्यासारखी हसली आणि गेली. कौस्तुभ मात्र खट्टू झाला.

"मॅडम, यादीत होती ती केस. मी करणार होतो."

"होती. आता नाही."

"पण तिला करून घ्यायची होती ना?"

"तिला बरं व्हायचं होतं रे. दुर्बीण घशात घालून घ्यायची हौस कुणाला असते?"

मॅडमचं घराणं मूळचं बिदरकडचं, निजामाच्या राज्यापासून शेती करणारं. आजोबा शहरात आले आणि नल्लकुंट्यात घर करून राहिले. त्यामुळे मॅडमच्या मराठीत दखनी आणि तेलुगू बिनदिक्कत मिसळलेली असे. 'हौ' म्हणजे हो आणि 'हल्लू' म्हणजे हळू हे कौस्तुभला लगेच कळलं. 'काय करायलास?' ही बोली अंगवळणी पडायला जरा वेळ लागला. मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालायला झपाझप. चिडल्या की आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा.

त्यांच्या विभागाचे रिवाज विचित्र होते. चिमटे, सुया, फुगे यांची बंद पाकिटं केस सुरू होण्याआधी मांडून फोडून ठेवायची नाहीत. जेव्हा लागेल तेव्हाच फोडायची. लिव्हर आखडलेल्या जुन्या रुग्णांना दरवर्षी डोळे मिटून दुर्बीण घालायची नाही. आधी लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी सोनोग्राफीसारखी साधी तपासणी करायची, रक्तातल्या प्लेटलेट बघायच्या, आणि दोन्ही ठीक असतील तर दुर्बीण लांबवायची. आदिलाबाद-निजामाबादकडच्या रुग्णांनी रक्ताची तपासणी गावाजवळच करायची आणि मॅडमशी फोनवर बोलायचं. "इतकं डिझेल जाळून यायचं, माझं तोंड बघायचं आणि तीच गोळी घेऊन परत जायचं, कशाला?" असं त्या म्हणत.

कौस्तुभला आधी ही काटकसर वाटली, मग कंजूषी. पुण्यातले त्याचे मित्र फोनवर आपापल्या केसेसचे आकडे सांगत, तेव्हा तो विषय बदलत असे.

एका शनिवारी दुपारी मॅडमनी त्याला आपल्या गाडीत घातलं. "चल, तुला एक जागा दाखवते. नवीन आलेल्या प्रत्येकाला दाखवते." शहराबाहेर, रिंग रोडच्या पल्याड, रुग्णालयांचा कचरा जाळण्याचा कारखाना होता. कुंपणापाशी त्या दोघांनी गाडी उभी केली. आत पिवळ्या पिशव्यांनी भरलेल्या गाड्या एकामागून एक वजनकाट्यावर चढत होत्या. हातमोजे, टोप्या घातलेली माणसं त्या उतरवून घेत होती. उंच चिमणीतून पातळसा धूर निघत होता. पलीकडे ज्वारी उभी होती आणि एक बाई बांधावर बसून भाकरी खात होती.

"हे लोक नीट काम करतात," मॅडम म्हणाल्या. "मी आत जाऊन बघितलंय. धूर गाळतात, राख पुरतात, सगळं नियमाने. त्यांच्यात खोट काढायला नाही आणलं तुला."

"मग?"

"आपल्या विभागातल्या पिशव्या रुग्णालयात सगळ्यात जास्त भरतात, आयसीयू सोडलं तर. त्या इथे येतात. एवढंच दाखवायचं होतं."

कौस्तुभने विचारलं, "मॅडम, तुम्हाला या गोष्टीचं इतकं का लागलं? काही झालं होतं का? घरात कुणाला, किंवा..."

मॅडमनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "काही व्हायलाच पाहिजे का? कचरा आपलाच आहे की."

परतताना त्यांनी त्याला इराणी हॉटेलात चहा पाजला आणि सगळा वेळ पित्तनलिकेत तार कोणत्या कोनातून घालायची ते बशीवर चमचा फिरवून समजावून सांगितलं. कौस्तुभला त्या दिवशी चिमणीपेक्षा तो चमचाच जास्त लक्षात राहिला.

श्रावणात रुग्णालयाने एक नवी योजना काढली. पोटाची संपूर्ण तपासणी, एकाच सकाळी, दुर्बिणीसकट. दिलसुखनगरच्या चौकापासून हायटेक सिटीपर्यंत फलक लागले. मॅडमनी बैठकीत विरोध केला. ज्यांना काही त्रास नाही त्यांच्या पोटात दुर्बीण घालून आपण काय शोधणार, असं त्यांनी विचारलं. रुग्णालयाचे डायरेक्टर अविनाश सर म्हणाले, लोकांना स्वतःलाच हवं आहे, आपण नाही म्हणणारे कोण. योजना चालू झाली.

आणि गर्दी लोटली. योजनेच्या केसेस मॅडमच्या हातात नव्हत्या; त्या थेट यादीत येत. कौस्तुभ मनातून खूश होता. सकाळी आठला हातात दुर्बीण घेतली की दुपारपर्यंत खाली ठेवायला सवड नसे. हात झरझर चालू लागला. मित्रांना सांगण्यासारखा आकडा झाला. मॅडम आपले अवघड रुग्ण बघत, आणि जाता येता धुण्याच्या खोलीच्या दारात क्षणभर थांबून आत बघत. तिथे विभागाच्या मुख्य परिचारिका अपर्णा सिस्टर आणि त्यांची माणसं एक दुर्बीण धुऊन होते न होते तोच दुसरी हातात घेत असत.

नवरात्राच्या आसपास नामदेवराव कदम परत आले.

नामदेवराव आरटीसीच्या बस सेवेतून निवृत्त झालेले, दिलसुखनगरला राहणारे, मूळ भालकीकडचे. आठवड्यापूर्वी मॅडमनीच त्यांच्या पित्तनलिकेतला खडा काढला होता. खडा सुरेख निघाला होता, कावीळ उतरायला लागली होती. आता ते थंडीने कुडकुडत आले, अंगात फणफणून ताप. रक्तात जंतू सापडला, तोही हट्टी, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. त्याच वॉर्डात जामबागच्या एक शिक्षिका दोन दिवस आधी अशाच तापाने दाखल झाल्या होत्या. त्यांचाही खडा काढलेला होता. मॅडमनी दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. जंतू तोच. कोणत्या दुर्बिणीने केलं ते पाहिलं. दुर्बीणही तीच.

कौस्तुभ शेजारी उभा होता. मॅडमचा आवाज उतरला.

"अपर्णा सिस्टर, ती दुर्बीण बाजूला काढा. तिच्या आतून पाणी फिरवून तपासणीला पाठवा. बाकी सगळ्यांचंही पाठवा. रक्ताची उलटी होणारा किंवा जीवावर बेतलेला सोडून आजपासून कुणालाही दुर्बीण घालायची नाही."

"मॅडम, बाहेर योजनेचे लोक बसलेत," अपर्णा सिस्टर म्हणाल्या.

"मी जाते त्यांच्याकडे."

आणि त्या गेल्या. बाहेर उपाशी बसलेल्या लोकांपुढे उभं राहून त्यांनी तेलुगूत, मग दखनीत, मग मराठीत सांगितलं की आमच्या यंत्रांबद्दल शंका आली आहे, खात्री होईपर्यंत आम्ही कुणाला हात लावणार नाही, माफ करा, घरी जाऊन जेवा. कुणी चिडलं, कुणी रजा फुकट गेली म्हणून कुरकुरलं. एक म्हातारी मात्र जवळ येऊन त्यांच्या गालावरून हात फिरवून गेली.

संध्याकाळी अविनाश सरांनी त्यांना बोलावलं. मॅडमनी कौस्तुभलाही सोबत नेलं. अविनाश सर स्वतः शस्त्रक्रिया करणारे, मूळचे मुंबईचे, सरळ माणूस. पण रुग्णालयाचा डोलारा त्यांच्या डोक्यावर होता.

"तपासणी करा, विभाग बंद ठेवा, मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण मॅडम, तुम्ही लोकांना फोन करणार आहात असं ऐकलं."

"हौ. त्या दुर्बिणीने ज्यांचं ज्यांचं केलंय त्या सगळ्यांना."

"रिपोर्ट तरी येऊ द्या. दोघांना ताप आला म्हणून सगळ्यांना घाबरवायचं?"

"रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातील, सर. तेवढ्यात एखाद्याला घरी ताप येईल आणि तो साधी गोळी घेऊन झोपेल. तो माझा रुग्ण आहे."

"हे बाहेर पडलं तर रुग्णालयाचं नाव..."

"माझं नाव सांगते की मी. रुग्णालयाचं नंतर."

अविनाश सर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "मला हे पटत नाहीये. पण थांबवणारही नाही. करा."

दुसरा सगळा दिवस मॅडम फोनवर होत्या. कौस्तुभ शेजारी बसून एकेक नंबर लावून देत होता. त्याची कल्पना होती की मॅडम जपून, गोल गोल बोलतील. त्या तसं काही बोलल्या नाहीत. "नमस्कार, मी डॉक्टर प्रियदर्शिनी. तुमचं खड्याचं काम मी केलं होतं. त्या दुर्बिणीत जंतू राहिला असावा अशी मला शंका आहे. ताप आहे का? थंडी वाजली? डोळे पिवळे? नाही ना? छान. पण आज येऊन रक्त देऊन जा, गाडी आम्ही पाठवतो." पलीकडून कुणी घाबरून रडलं, तर त्या थांबत. कुणी ओरडलं, तर ऐकून घेत. एका बाईंनी, "अम्मा, तुम्ही जेवलात का?" असं विचारलं, तेव्हा मात्र मॅडमना घोटभर पाणी प्यावं लागलं.

फोन संपल्यावर मॅडम आणि कौस्तुभ नामदेवरावांना बघायला वॉर्डात गेले.

तेवढ्यात नामदेवरावांचा मुलगा विकास वॉर्डात आला. दिलसुखनगरला क्लासेसच्या गल्लीत त्याचं पुस्तकांचं दुकान होतं. मॅडमचा फोन मिळताच दुकान टाकून तो धावत आला होता. मॅडम खाटेशीच उभ्या होत्या.

"म्हणजे आमच्या बाबांना तुम्हीच आजारी पाडलं?"

"हौ, विकासराव. दुर्बिणीतूनच गेलं असावं असं मला वाटतं. उद्या-परवा रिपोर्ट येईल, तो पहिला तुम्हालाच दाखवीन."

"आणि हे तोंड वर करून सांगायलात तुम्ही मला? घाण नळी घातली माझ्या बापाच्या पोटात! मी सोडणार नाही कुणाला."

कौस्तुभ पुढे झाला. संमतीपत्रावर सही आहे, त्यात जंतुसंसर्गाचा धोका लिहिलेला आहे, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. मॅडमनी नुसता हात आडवा केला.

"नका सोडू," त्या विकासला म्हणाल्या. "तक्रार करायची तर मीच तुम्हाला कुठे करायची ते सांगते. पण आज एवढं ऐका. आज सकाळी आम्ही औषध बदललंय, या जंतूवर चालणारं. उद्यापर्यंत ताप उतरायला लागला पाहिजे. नाही उतरला तर पित्तनलिकेत काही अडकलंय का ते परत बघावं लागेल. मी इथेच आहे."

नामदेवराव डोळे मिटून पडले होते. त्यांनी ते किलकिले केले.

"विकास, बाईंनी सांगितलंच नसतं तर तुला कळलं असतं का रे?"

विकास स्टुलावर बसला आणि वडिलांचे पाय चादरीत गुंडाळू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरणीला लागला.

रिपोर्ट आले. खड्याच्या दुर्बिणीत तोच जंतू होता. इतर दोन दुर्बिणींतही जंतू होते, साधे, पण नसायला हवे होते. मॅडमनी धुण्याच्या खोलीत स्टूल टाकलं, बाह्या सारल्या आणि अपर्णा सिस्टरना म्हणाल्या, "आज मी धुणार, कौस्तुभ धुणार. तुम्ही फक्त बघा आणि चुकलं तर सांगा."

दुर्बीण म्हणजे बोटाएवढी जाड लांबलचक नळी, आणि तिच्या पोटात आणखी बारीक नळ्या. त्यांतूनच चिमटे जातात, पाणी जातं, हवा जाते. कौस्तुभने शेकडो वेळा हातात घेतली होती; धुतली कधीच नव्हती. ब्रश एका टोकातून घालून दुसऱ्या टोकातून काढताना त्याला घाम फुटला. मग यंत्रात औषधी पाण्याची धुलाई झाली. मग नळ्यांतून कोरडी हवा सोडायची. मॅडमनी यादीत दोन केसेसच्या मध्ये जेवढा वेळ उरत होता, बरोबर तेवढ्यावर हवा बंद केली. दुर्बीण उभी धरली आणि टोकाखाली निळा कागद धरला.

कागदावर एक थेंब पडला. मग दुसरा.

"परत लाव हवा," मॅडम म्हणाल्या. हवा बराच वेळ चालू राहिली. कौस्तुभला उभं राहून कंटाळा आला, पाय बदलून झाले, तरी मॅडमनी बंद करू दिली नाही. शेवटी कागद कोरडा राहिला.

ओल्या नळीत, बंद कपाटात, एका रात्रीत जंतू किती वाढतात हे कौस्तुभला पाठ होतं. परीक्षेत त्याने ते लिहिलं होतं. तो त्या निळ्या कागदाकडे बघत राहिला. योजना चालू झाल्यापासून आपण किती झपाझप केसेस उरकत होतो, आणि उरकलेली प्रत्येक दुर्बीण या खोलीत येऊन पडत होती, हे त्याला आता दिसलं. 

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. टेबलावर एका कंपनीचा प्रस्ताव होता: एकदा वापरून फेकून द्यायच्या दुर्बिणी. धुणं नाही, वाळवणं नाही, तपासणी नाही.

"माझं मत सांगतो," अविनाश सर म्हणाले. "आपण आत्ता थोडक्यात वाचलोय. दोघंही बरे होतायत, बाकी कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पुन्हा हा धोका मी घेणार नाही. वापरा आणि फेका. जंतूचा प्रश्नच मिटला."

"मला त्यातली एक आज हवी आहे," मॅडम म्हणाल्या.

सगळे चकित झाले. कौस्तुभही.

"लिव्हर बदलायच्या यादीतला एक रुग्ण आहे. त्याच्या अंगात हट्टी जंतू आधीच आहे. त्याच्यात घातलेली दुर्बीण मला दुसऱ्या कुणाच्या पोटात घालायची नाही. तिथे फेकायचीच पाहिजे. पण सगळ्यांसाठी नक्को."

"का? पिशव्या वाढतील म्हणून? मॅडम, मी तुमचा आदर करतो, पण रुग्णाच्या जिवापुढे कचरा मोजायचा नसतो."

"जिवाचंच बोलायलेय मी, सर." मॅडमचा आवाज इतका उतरला की सगळे पुढे वाकून ऐकू लागले. "दुर्बीण चांगली होती. धुणारे लोक जीव तोडून धूत होते. आपण त्यांना वाळवायला वेळच ठेवला नाही. का नाही ठेवला? कारण ज्यांना दुर्बिणीची गरज नव्हती अशा लोकांनी यादी भरली. मागच्या दोन महिन्यांत योजनेतून आलेल्यांचे रिपोर्ट मी सगळे वाचले. बहुतेकांना काही निघालं नाही, आणि ज्यांना निघालं त्यांना नुसतं बोलूनही कळलं असतं. आता आपण फेकायच्या दुर्बिणी आणल्या की वेळेची अडचणच राहणार नाही. मग यादी आणखी वाढेल. नको असलेली दुर्बीण आणखी लोकांच्या घशात जाईल, आणि दर वेळी एक आख्खी दुर्बीण पिवळ्या पिशवीत. मला संक्रांतीपर्यंत वेळ द्या. योजना बंद करा. प्रत्येक केस यादीत जायच्या आधी आमच्यापैकी एक डॉक्टर वाचेल. दर आठवड्याला सगळ्या दुर्बिणी तपासणीला जातील. एकीत जरी जंतू सापडला तरी तुमच्या त्या कागदावर मी सही करते."

कुणीतरी खाकरलं. अविनाश सरांनी प्रस्ताव उचलला, परत ठेवला, आणि अचानक कौस्तुभकडे वळले.

"तुम्ही इथे हात बसवायला आलात ना? यादी निम्मी झाली तर तुमचं काय?"

कौस्तुभ उभा राहिला. काय बोलायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. "सर, मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा दुर्बीण धुतली," तो म्हणाला. "मॅडम म्हणतात ते मला बरोबर वाटतं."

संक्रांतीपर्यंतची मुदत मिळाली.

ते महिने सोपे गेले नाहीत. फलक उतरले तरी लोक विचारत येत, आणि नाही म्हणायला हो म्हणण्यापेक्षा दुप्पट वेळ लागे. कौस्तुभला तेलुगूत 'परवालेदु' म्हणजे काळजी नको, हे मनापासून म्हणायला शिकावं लागलं. दर आठवड्याच्या रिपोर्टच्या दिवशी अपर्णा सिस्टर सकाळपासून फोनजवळून हलत नसत. पण रिपोर्ट स्वच्छ येत गेले. पिवळ्या पिशव्या दिसण्याइतक्या कमी झाल्या. जी केस व्हायची ती मॅडम त्याला सावकाश करू देत. आधी काय दिसेल असं वाटतं ते बोलून घेत, नंतर काय दिसलं ते बोलून घेत. आपण केसेस कमी करतोय पण बघतोय जास्त, हे त्याला कधीतरी मध्येच जाणवलं.

भोगीच्या दुपारी उप्पलकडचा एक टेम्पोचालक आला. लिव्हरचा जुना आजार, बायकोच्या साडीवर रक्ताची उलटी झालेली. विभागात खोली रिकामी होती, दुर्बीण कोरडी, माणसं ताजीतवानी. मॅडमनी दुर्बीण उचलली आणि कौस्तुभच्या हातात दिली.

"मी?"

"तू. हल्लू. घाई नक्को."

पडद्यावर सगळं लाल होतं. कौस्तुभने पाणी सोडलं, ओढून घेतलं, पुन्हा सोडलं. लाल पडद्यामागे क्षणभर एक निळसर फुगलेली शीर दिसली, तिच्या टोकावर चिळकांडी. त्याचा हात थांबला, सरकला, टेकला. शीर आत ओढली गेली आणि कडी बसली. चिळकांडी थांबली. त्याने शेजारच्या शिरांवरही कड्या बसवल्या, मग पुन्हा पहिल्या जागी येऊन बघत राहिला. कोरडं.

मॅडम त्याच्या खांद्यामागे हात पाठीशी बांधून उभ्या होत्या. सगळा वेळ एकदाही त्यांनी हात पुढे केला नव्हता. "जा," त्या म्हणाल्या, "त्याच्या बायकोला तूच सांग."

संक्रांतीनंतरच्या बैठकीत अविनाश सरांनी कंपनीचा प्रस्ताव परत पाठवला. फेकायच्या दुर्बिणी अगदी मोजक्या रुग्णांपुरत्या ठेवायच्या असं ठरलं. धुण्याच्या खोलीला शेजारची कोठी जोडून वाळवायची नवी कपाटं आली. नामदेवराव ठणठणीत बरे झाले. विकासने तक्रार केली, आणि ती योग्यच होती असं मॅडम सगळ्यांना सांगत राहिल्या; त्या तक्रारीमुळेच कपाटं लवकर आली, असं त्यांचं म्हणणं होतं.

मे महिन्यात कौस्तुभचं वर्ष संपलं. पुण्याच्या एका रुग्णालयात मुलाखतीला तो गेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला नवी यंत्रं दाखवली, महिन्याला किती केसेस मिळतील ते सांगितलं, आणि शेवटी त्याला काही विचारायचं आहे का असं म्हणाले.

"दुर्बिणी धुतात ती खोली बघता येईल का?"

त्यांना गंमत वाटली. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. पण त्यांनी नेलं. खोली अरुंद होती, हवेची नळी एकच, कपाट व्हरांड्यात. कौस्तुभने तिथे काम करणाऱ्या बाईंना नमस्कार केला, स्टूल ओढलं आणि दोन केसेसच्या मध्ये तुम्हाला किती वेळ मिळतो, असं विचारलं. बाईंनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग मोकळेपणाने सांगायला लागल्या.

संध्याकाळी त्याने मॅडमना फोन केला.

"घेतलीस नोकरी?"

"अजून नाही. मोठी खोली द्या, आणि यादी मी वाचल्याशिवाय भरू नका, असं सांगून आलोय. विचार करतो म्हणाले."

"छान केलंस."

"मॅडम, नाही म्हणाले तर?"

"तर दुसरीकडे जा आणि तिथे माग. त्यात काय?" पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. "थांब, एक आजी आल्यात, उपाशी बसल्यात. त्यांना दुर्बीण लागते का बघते आणि मग बोलते तुझ्याशी."

पुण्याच्या रुग्णालयाला विचार करायला पंधरवडा लागला. मोठी खोली मिळाली, यादीची अटही मान्य झाली. कौस्तुभ जूनमध्ये रुजू झाला आणि पहिले दोन दिवस त्याने एकही केस केली नाही. बाह्या सारून तो त्या बाईंबरोबर दुर्बिणी धूत होता.